आईच्या उशाशी कोणते घड्याळ?

घड्याळ घेणे ही आता घरात चर्चा व्हावी अशी गोष्ट राहिलेली नाही. फुटपाथवर दीडशे-दोनशे रुपयांत गजराचे घड्याळ मिळते आणि हातातल्या मोबाईलमध्ये तर ते फुकटच असते. तरीही गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी एका घड्याळावरून तब्बल सव्वा महिना खल चालला. घड्याळ आईच्या खोलीसाठी हवे होते आणि ते बोलून लावता येणारे असावे, असे आम्हां दोघांच्या मनात होते. बटन नाही, काटा नाही. आईने नुसते म्हणावे आणि त्याने ऐकावे.

कारण साधे होते. आईला काचबिंदू आहे. या आजारात डोळ्याच्या नसेला इजा होते, बहुधा डोळ्यातला दाब वाढल्यामुळे. कडेची नजर आधी जाते, माणसाला कितीतरी दिवस ते कळतही नाही, आणि गेलेली नजर कोणत्याही ऑपरेशनने परत येत नाही. उरलेली सांभाळायची, एवढेच हातात असते. आईचा उजवा डोळा संपूर्ण गेला. डाव्या डोळ्याला उजेड-अंधार आणि समोरच्या माणसाची आकृती कळते. तेवढे टिकावे म्हणून सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला थेंब टाकायचे असतात, रात्री झोपताना आणखी एक औषध. संध्याकाळी आणि रात्री आम्ही घरी असतो. सकाळची अडचण आहे. आमच्यापैकी एकाची पहाटेची पाळी असते, दुसरीची सकाळची शाळा. साडेपाचला घरातून निघावे लागते. आई स्वतःच्या हाताने थेंब टाकायला शिकली आहे, खालची पापणी ओढून, मान मागे टाकून, एक थेंबही बाहेर सांडू न देता. पण सहा वाजले हे तिला कळायचे कसे?

आणि खरी गोष्ट सांगायची तर सकाळपेक्षा रात्र कठीण होती. ज्याला दिसत नाही त्याची रात्र फार लांब असते. बारा वाजता जाग आली की पहाट झाली असे वाटते. मग भिंतीपलीकडून हळूच आवाज येई, "झोपलास का बापू? किती वाजले असन?" आम्ही सांगत असू. पुन्हा दोनला, पुन्हा साडेतीनला. आम्हांला त्याचा त्रास नव्हता, पण तिला होता. पुढे पुढे तिने विचारणेच सोडले. एकदा सुनेने पहाटे तीनला दिवा लावला तर आई अंघोळ करून, लुगडे नेसून, थेंबांची बाटली हातात धरून पलंगावर बसलेली. सहा वाजायची वाट पाहत. त्या दिवशी आम्ही ठरवले, की हे घड्याळ घ्यायचेच.

आमच्या आईला वेळेचे भान घड्याळाने दिलेले नाही, ते भोंग्याने दिले आहे. वडील नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये होते. १८७७ साली सुरू झालेली ही मिल २००२ साली बंद पडली. तोवर मिलचा भोंगा हेच आमच्या वस्तीचे घड्याळ होते. भोंगा झाला की उठायचे, भोंगा झाला की डबा द्यायचा, भोंगा झाला की मुले नळावरून परत यायची. आई मात्र भोंग्याच्या आधी उठत असे. भोंग्याने उठवले तर भाकरी कधी होणार, असे तिचे गणित. पुढे वडिलांनी चावीचे घड्याळ आणले. त्याच्या पाठीला दोन चाव्या, एक वेळेची आणि एक गजराची, आणि काट्यांवर अंधारात चमकणारे रेडियम. झोपण्यापूर्वी चावी भरणे हे वडिलांचे काम होते. आम्हां मुलांना त्या घड्याळाला हात लावायची बंदी होती. भोंगा गेला, वडील गेले, ते घड्याळही कधीतरी भंगारात गेले. सांगायचे एवढेच, की आईला कुणी उठवावे लागत नाही. तिला वेळ विचारायला कुणीतरी हवे आहे. हा फरक आम्हांला दुकानांत फिरता फिरता समजला.

पहिल्यांदा सीताबर्डीवर गेलो. दुकानदाराला म्हणालो, "आवाजावर चालणारे अलार्म घड्याळ दाखवा." त्याने लाकडी ठोकळ्यासारखे, लाल आकड्यांचे एक देखणे घड्याळ समोर ठेवले. खोक्यावर व्हॉइस कंट्रोल असे छापलेले. आम्ही आनंदाने विचारले, "याला सहाचा गजर लाव म्हटले तर लावेल?" तो हसला. टाळी वाजवून दाखवली. विझलेले आकडे उजळले आणि थोड्या वेळाने पुन्हा विझले. बस, इतकेच. सेल वाचावा म्हणून आकडे बंद राहतात आणि आवाज झाला की उजळतात, याला ते व्हॉइस कंट्रोल म्हणतात. टाळीने उजळेल, खोकल्याने उजळेल, दार आपटले तरी उजळेल. गजर लावायचा तर मागची बारीक बटनेच दाबायची. डोळस माणसाच्या उशाशी ही वस्तू छान आहे, रात्री डोळ्यांवर उजेड येत नाही. पण ज्याला आकडेच दिसत नाहीत त्याला ते उजळले काय आणि विझले काय! खोक्यावरचा शब्द वाचून कुणी घरच्या वृद्धांसाठी हे घेणार असेल तर आधी दुकानातच त्याच्याशी बोलून पाहावे.

खरोखर बोलणे समजणारी यंत्रे निराळी. अॅमेझॉनचे इको आपल्या देशात २०१७ साली आले, गुगलचे होम २०१८ साली. डब्याएवढा किंवा मुठीएवढा स्पीकर, काहींवर वेळेचे आकडेही दिसतात. त्याला नावाने हाक मारायची आणि सांगायचे. ते नाव ओळखण्याचे काम यंत्र स्वतः करते. त्यापुढचे आपले वाक्य मात्र इंटरनेटवरून कंपनीच्या दूरच्या संगणकांकडे जाते. तिथे त्याचा अर्थ लावला जातो आणि उत्तर परत येते. हे सारे डोळ्याची पापणी लवेपर्यंत. इकोला २०१९ सालापासून हिंदी समजते.

असे एक यंत्र आमच्या भाच्याकडे आहे. कंपनीचे नाव सांगण्याचे कारण नाही. आईला घेऊन तिकडे गेलो. भाचा म्हणाला, "आजी, विचार तिला टाइम." आईने पदर सावरला, जरा पुढे सरकली आणि पाहुणीशी बोलावे तसे म्हणाली, "काहो बाई, कितना बजा?" यंत्र गप्प. भाच्याने समजावले, की आधी नाव घ्यावे लागते आणि 'काहो बाई' म्हणायचे नाही. आईला ते पटले नाही. "नुसतं नाव घेऊन हाका माराच्या? बाईमाणूस हाय ना ते?" आम्ही म्हणालो, ती बाई नाही, यंत्र आहे. तर आई म्हणते, "मंग बाईचा आवाज कायले देला?" या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. २०१९ साली युनेस्कोने याच विषयावर एक अहवाल काढला होता. हुकूम झेलणाऱ्या यंत्रांना बाईचाच आवाज दिल्याने बाई म्हणजे हुकमाची ताबेदार हा समज घट्ट होतो, असे त्यात म्हटले होते. आईने तो अहवाल वाचलेला नाही. तिने लोकांकडची धुणीभांडी केली आहेत आणि आडनाव-मान न लावता मारलेल्या हाका ऐकल्या आहेत.

असो. नाव घेऊन विचारल्यावर यंत्राने हिंदीतून वेळ अचूक सांगितली. सहाचा गजर लावला, लगेच रद्दही केला. आईचा चेहरा पाहण्यासारखा झाला. चार-पाच वेळा तिने वेळ विचारली, मिनिटामिनिटाला. सारखे सारखे विचारले तरी पलीकडून सुस्कारा आला नाही, हे तिला फार आवडले असावे. आम्ही दोघे एकमेकांकडे न बघता चहा पीत राहिलो.

परत येताना ती म्हणाली, "मराठीत बोलत नाही का ते?" फोनवर मराठीतून हुकूम ऐकण्याची सोय २०१८ सालापासून आलेली आहे. म्हणून घरी येऊन आमचा जुना फोन तिच्यापुढे ठेवला. मुलीने सांगितले, "सकाळी सहा वाजता उठव." लगेच गजर लागला. मग आईने सांगितले, "पायटी सायले उठवजो बापू." फोनने कुठल्या तरी साईच्या भजनांची यादी काढली. मुलगी हसून लोळली. आई काही रागावली नाही. तिने विचार करून पुन्हा, एकेक शब्द सुटा करत, "सकाळी, सहा, वाजता, उठव," असे म्हटले आणि फोनने ऐकले. "शाळेतल्या बाईवानी बोला लागते याच्यासंग," ती म्हणाली. शाळेतली बाई शेजारीच बसली होती, तीही हसली. पण आम्हांला मनातून वाईट वाटले. ज्या वऱ्हाडी बोलीत तिने आम्हांला निजवले आणि उठवले, ती बोली अर्ध्या झोपेत, अंधारात सोडून देऊन पुस्तकी मराठीत बोलायचे, हे सत्तरी ओलांडलेल्या बाईला रोज जमेल? दिवसा जमेल. रात्री अडीच वाजता माणूस आपल्याच बोलीत जागे होते.

दुसरी अडचण विजेची. हे स्पीकर बहुतेक भिंतीच्या विजेवर चालतात, आत बॅटरी नसते. आमच्याकडे पावसाळी वाऱ्यात पहाटेच नेमकी लाईट जाते. लाईट गेली की इंटरनेटची पेटीही गेली. म्हणजे ज्या अंधारात वेळ विचारायची सर्वांत जास्त गरज, त्याच अंधारात यंत्र मुके. आणि नागपूरचा उन्हाळा तुम्ही जाणता. एप्रिलपासून मृगाचा पाऊस पडेपर्यंत खोलीत कूलर घोंघावत असतो. त्या आवाजावर आवाज चढवून यंत्राला हाका मारायच्या म्हणजे आईची झोप जायची ती जायचीच, आमचीही जायची.

तरीही आम्ही जवळजवळ घेण्याच्या बेतात होतो. विजेसाठी छोटा इन्व्हर्टर बसवता येतो, हिंदी आईला येते, नाव बदलण्याचीही काही यंत्रांत सोय असते. पण घेण्यापूर्वी ते कसे चालते हे आईला नीट सांगावे, असे आम्हांला वाटले. वस्तू तिच्या खोलीत राहणार होती. आम्ही सांगितले, की ते आपले नाव ऐकू येईपर्यंत गप्प असते आणि नाव घेतल्यावरच पुढचे ऐकते. आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "नाव घेतलं का नाही घेतलं, हे समजाले तिले सारंच आयका लागत असन ना?"

वाचकहो, आमच्या शिकलेल्या घरात हा प्रश्न कुणाला सुचला नव्हता. आणि तो बिनचूक होता. नाव ओळखण्यासाठी यंत्राचा कान सतत उघडा असतोच. नावाआधीचे बोलणे ते पाठवत नाही, साठवत नाही, असे कंपन्या सांगतात. पण नावासारखाच दुसरा शब्द कानी पडला तर ते चुकून जागे होते, आणि मग पुढचे बोलणे जाते. २०१९ साली जगभरच्या वृत्तपत्रांत आले होते, की अॅमेझॉन, गुगल आणि अॅपल या कंपन्यांनी नेमलेली माणसे अशी काही ध्वनिमुद्रणे ऐकत होती, यंत्राची समज सुधारावी म्हणून. त्यानंतर ग्राहकाला नकार देण्याची आणि ध्वनिमुद्रणे पुसण्याची सोय झाली. स्पीकरवर माइक बंद करण्याचे बटनही असते. पण माइक बंद केला की आवाजाचे घड्याळ कसले राहिले?

खाजगी आयुष्य हा माणसाचा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला. घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्कातच तो आहे, असे न्यायालयाने म्हटले. आमच्या आईला हा हक्क फार उशिरा मिळाला. लग्नानंतरची तीस वर्षे तिने एका खोलीत काढली, मध्ये जुन्या लुगड्याचा पडदा. पलीकडे सासू-सासरे, अलीकडे आम्ही चार भावंडे. वस्तीत घरांच्या भिंती सामाईक होत्या. कुणाच्या घरी भांडण झाले, कुणाकडे पाहुणा आला, कुणी रात्री रडले, सारे सगळ्यांना ऐकू जाई. आम्ही हे घर बांधले तेव्हा तिला आयुष्यात प्रथमच दार असलेली खोली मिळाली. पहिल्या रात्री तिने ते दार आतून दोनदा लावून पाहिले होते, ते आमच्या अजून लक्षात आहे.

आई रात्री बोलते. हे तिला विचारूनच लिहीत आहोत. ती वडिलांशी बोलते. दिवसभराचे सांगते. मुलीला किती गुण मिळाले, भाजी काय भाव झाली, गुडघा कसा दुखतो. कधी त्यांच्यावर रागावतेही, जुन्या कुठल्या गोष्टीवरून. आम्ही भिंतीपलीकडे ऐकत नाही. कानी पडले तर उठून पाणी प्यायला जातो. ती म्हणाली, "भोंगा बरा होता. साऱ्यायले आयकू जाये, पण तो कोनाचं आयकत नोता." आणि लगेच पुढे, "तुमच्या खोलीत ठेवाचं तं ठेवा. माह्या खोलीत मले कोनी आयकनारं नाही पायजे."

प्रश्न तिथेच संपला. अर्थात हा तिचा निर्णय आहे, सर्वांचा असाच असावा असे नाही. आमच्या गल्लीतले एक गृहस्थ अर्धांगवायूने दोन वर्षे पडून आहेत. हात उचलत नाही, पण वाचा शाबूत आहे. त्यांच्या मुलाने असेच यंत्र आणले आणि ते गृहस्थ आता स्वतः गजर लावतात, बातम्या लावतात, रात्री वेळ विचारतात. त्यांच्यासाठी ते यंत्र म्हणजे परत मिळालेला हात आहे. कानाची भीती त्यांना सांगायला गेलो तर ते हसले. "माझे ऐकायला कुणी तयार आहे हेच पुष्कळ," म्हणाले. त्यांचेही खरे. फक्त दोघांच्याही बाबतीत ज्याला त्या खोलीत झोपायचे आहे त्यालाच विचारले गेले. मुलांनी ऑनलाइन मागवून परस्पर भिंतीला लावून दिले, असे झाले नाही.

शेवटी आम्ही घेतले ते बोलके घड्याळ. याला ऐकू येत नाही, फक्त बोलता येते. डोक्यावर तळहाताएवढे एकच मोठे बटन, ते दाबले की हिंदीतून वेळ सांगते, आणि गजराच्या वेळी आधी वाजते, मग वेळ बोलते. अंध व्यक्तींसाठी काम करणाऱ्या संस्थांच्या साहित्य केंद्रांत अशी घड्याळे मिळतात, ऑनलाइनही मिळतात. सातशे रुपयांच्या आत पडले. सेलवर चालते, म्हणून लाईट आणि इंटरनेट यांची भानगड नाही. मराठी बोलणारे मिळाले असते तर आणखी बरे झाले असते. आणि गजर एकच लावता येतो, ही त्यातली उणीव. ज्यांना दिवसात चार वेळा औषध घ्यायचे असते त्यांना हे पुरणार नाही. घेताना आवाज कमी-जास्त करता येतो का तेही बघावे. आमच्या घड्याळाचा आवाज जरा करडा आहे, पहिल्या रात्री आई दचकली. आता तिने त्याच्यावर दुपट्याची घडी टाकून बेताचा करून घेतला आहे.

गजराचा खटका मागच्या बाजूला, गुळगुळीत, शेजारच्या वेळ बदलायच्या खटक्यासारखाच. तेवढी एक अडचण होती. मुलीने त्यावर तुरीच्या डाळीचा एक दाणा फेविक्विकने चिकटवला. आई अंगठ्याने दाणा चाचपते आणि गजर चालू आहे की बंद ते ओळखते. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला सेल बदलायचे, असे कॅलेंडरवर लिहून ठेवले आहे, जुने संपलेले असोत वा नसोत. काढलेले सेल टीव्हीच्या रिमोटला चालतात.